उतरत्या उन्हाळ्यातील चार घटका

(ऊस विकास विभागाकडून)



या अंकातले ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणे, बेसल डोस, ठिबक आणि नोंदीच्या तारखा, असा आपला पक्का समज आहे व तो चुकीचाही नाही. आमचे कामच ते आहे. परंतु वैशाख सरून ज्येष्ठ लागण्याच्या सुमारास आम्ही उमरगा तालुक्यात गावोगाव फिरतो, तेव्हा एक गोष्ट सारखी नजरेस येते. आपला सभासद उन्हाळ्याचे शेवटचे तीन-चार आठवडे जगत नाही, नुसते पुढे ढकलतो. "कसं काय, अप्पा?" म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले. "काय नाही साहेब, मिरगाची वाट बघलालोय." मे महिन्याच्या २४-२५ तारखेला रोहिणी लागतात, जूनच्या ७-८ तारखेला मृग. मधले दिवस म्हणजे जणू एस.टी. स्टँडवर बसून काढायचा वेळ.

आमचे म्हणणे असे आहे की, हे दिवस वर्षातले सर्वांत मोकळे दिवस होत. फुकटात किंवा चार पैशांत मिळणारे सुख जितके या दिवसांत आहे तितके दिवाळीतही नाही. आणि ते सुख आपण आपल्या हाताने घालवीत चाललो आहोत. काही ठिकाणी तर कुऱ्हाड घेऊन.

यावर कोणी म्हणेल, साहेबांचा पगार एक तारखेला होतो, म्हणून त्यांना आनंद सुचतो. बोलणे खोटे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळाले पाहिजेत, आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरली, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हे पान त्या पैशाच्या बदल्यात लिहिलेले नाही. थकलेल्या बिलावर कैरीच्या पन्ह्याचा उतारा चालत नाही, हे आम्हांसही कळते. २०२१-२२ चा हंगाम आठवा. राज्यात साखरेचे विक्रमी उत्पादन झाले, पण मराठवाड्यात जून उजाडला तरी ऊस फडात उभा होता, तुरे येऊन वाळत होता, वजन घटत होते आणि टोळ्या घरी निघाल्या होत्या. तसल्या वर्षी उभ्या उसाकडे बघत बसलेल्या माणसाला मोगऱ्याचा वास येत नाही. त्याला आनंदाच्या गोष्टी सांगायला जाणे म्हणजे त्याची थट्टा होय.

पण सगळी वर्षे तसली नसतात. चांगल्या वर्षीही आपण तोंड तसेच ठेवून बसतो, आमची तक्रार आहे ती एवढीच.

आता आंब्याचे बघा. केसरच्या बागांविषयी आम्ही बोलत नाही. त्या धंद्यासाठी आहेत आणि असाव्यात. आम्ही बोलतो आहोत ते बांधावरच्या गावरान आंब्याविषयी. पंधरा-वीस वर्षांमागे आपल्या भागात प्रत्येक जुन्या झाडाला नाव असे. ज्याच्या फळाला शेपूचा वास तो शेप्या, ज्याच्या खांद्यावर शेंदरी छटा तो शेंद्र्या, खोबऱ्यासारखा गर तो खोबऱ्या, साखरेसारखा तो साखऱ्या. एखादा इतका आंबट की त्याचे फक्त लोणचे. कोणाच्या शेतात कोणते झाड आहे, ते कधी उतरते, त्याची आढी किती दिवसांत पिकते, याची माहिती पोरासोरांना असायची. सातबाऱ्यावरचे क्षेत्र ठाऊक नसलेले पोर शेंद्र्याची फांदी न् फांदी ओळखून असे.

ती झाडे गेली. कशाने गेली? रोगाने नव्हे, दुष्काळानेही फार थोडी. ऊस आला, ट्रॅक्टर आला, सऱ्या लांब झाल्या, आणि बांधावरचे झाड नांगराच्या आड येऊ लागले. आम्हांला कितीतरी सभासद सांगतात, "काय करावं साहेब, झाड हाय तितं ऊस येईना गेलाय." खरे आहे, सावलीत ऊस पोसत नाही, फुटवे कमी, कांडी बारीक. पण किती ऊस येत नाही, याचा हिशेब कोणी मांडलाय का? आम्ही मांडून दाखवितो. तीस फूट पसाऱ्याचे झाड धरा. त्याची सावली साधारण सातशे चौरस फूट होते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा झाडाने अडविलेली जागा एक गुंठाही नाही, पाऊण गुंठ्याच्या आतच. एकरी चाळीस टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. झाडाखाली एक कांडेही आले नाही असे मानले तरी नुकसान पाऊण टनाच्या आत. हाती टनाला तीन हजार येतात असे धरा, दोन हजार रुपये सुद्धा होत नाहीत. झाड बांधावर म्हटल्यावर निम्मी सावली तर शेजाऱ्याच्या रानात. आता कोणी म्हणेल, सावली फिरती असते आणि मुळांची ओढही असते. कबूल. मग दुप्पट धरा. चार हजार रुपये. एवढ्यासाठी आजोबाच्या हातचे झाड आपण अडत्याच्या करवतीखाली देतो आणि मग अक्षय्य तृतीयेला उमरग्याच्या बाजारात जाऊन, कशाने पिकविला कोण जाणे असला आंबा किलोवर विकत आणतो. शिवाय १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे नमूद आहेत. मालकीचे असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. ते कोणी विचारीत नाही, ही गोष्ट वेगळी.

गावरान आंबा एकाआड एक वर्ष धरतो, हेही आम्ही लपवीत नाही. पण ज्या वर्षी धरतो त्या वर्षी घर, शेजार, सोयरे, सालगडी, सगळे खाऊन उरतो. दुपारी बादलीभर पाण्यात आंबे भिजत टाकावेत, उन्हे कलल्यावर बाजेवर बसून चोखावेत, कोपरापर्यंत रस ओघळावा. काटा-चमच्याचे हे काम नव्हे. पुण्याहून आलेल्या नातवाला पहिल्यांदा कसेसेच होते. तिसऱ्या दिवशी तोच बादलीजवळ पहिला बसलेला असतो.

तीच गत कडुनिंबाची. येथे मात्र आम्हांला थोडे रागाने लिहावे लागत आहे. हुमणीने गेल्या काही वर्षांत उसाचे जे नुकसान केले ते आपणांस ठाऊक आहे. वळवाचा पहिला बरा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर निघतात आणि कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर पाला खायला व मिलनाला जमतात. पहाटे माद्या पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात; एक मादी ५०-६० अंडी घालते. हे आम्हीच गावोगावच्या मेळाव्यांत सांगितले. त्यावरून काही हुशार मंडळींनी असा अर्थ काढला की, कडुनिंब हेच हुमणीचे घर, तेव्हा कडुनिंब तोडा! अहो, झाड तोडल्याने भुंगेरा मरत नाही. तो दुसरीकडे जातो, विखुरतो आणि मग सापडत नाही. झाड आहे म्हणून तो एका जागी गोळा होतो, म्हणून तर आपल्या हाती लागतो. शत्रू रोज रात्री आठ वाजता आपल्या अंगणात हजेरी लावतो आहे, आणि आपण अंगणच मोडून टाकतो, असा हा प्रकार.

करायचे ते एवढेच. वळीव पडून गेलेल्या संध्याकाळी साडेसात-आठला झाडाखाली जुने लुगडे किंवा ताडपत्री अंथरायची, लांब काठीने फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. रॉकेल आता मिळेनासे झाले आहे, तेव्हा पाण्यात थोडे डिझेल टाकले तरी भागते. हे काम एकट्या-दुकट्याच्या शेतात करून उपयोग नाही, सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात केले पाहिजे. आणि खरी मौज तिथेच आहे. ज्या गावांत हे सामुदायिक रीतीने झाले तिथे आम्ही स्वतः हजर होतो. पोरांच्या हाती बॅटऱ्या, कोणाची बादली जड याची पैज, म्हाताऱ्या माणसांची पारावरून देखरेख, मातीचा ओला वास, आणि कोणीतरी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी व भाकरी. दोन तास कोणी मोबाईल काढला नाही. हुमणी कमी झाली ती झालीच. पण वर्षभर बोलचाल बंद असलेले दोन भावकीतले गडी एका ताडपत्रीची दोन टोके धरून उभे होते, हे आम्ही पाहिले. याचे टनेज आम्हांला काढता येत नाही.

पारावर बसण्याची एक दुसरीही बाजू आहे. मराठवाड्यात गेली वीस-पंचवीस वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. त्याची कारणे कर्ज, पाणी, भाव, लग्नाचा आणि दवाखान्याचा खर्च ही आहेत, आणि निंबाखाली बसल्याने ती मिटत नाहीत. जो असे म्हणेल तो खोटारडा. पण रोज दुपारी पारावर येणारा माणूस चार दिवस दिसला नाही, तर पाचव्या दिवशी कोणीतरी उठून त्याच्या घरी जातो. "काय रे, बरं हाय ना?" एवढेच विचारतो. जिथे पार नाही, झाड नाही, जो तो आपापल्या पत्र्याच्या शेडात पंख्याखाली पडलेला, तिथे कोण आला नाही हे कळणार कसे? आम्ही शेतकी खात्याची माणसे. मनाच्या डॉक्टरकीत आम्हांला गती नाही. मात्र गावोगाव फिरून जे दिसते ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उघड्यावर झोपण्याविषयी लिहिताना आपल्या भागात पेन थोडा अडखळतो. पूर्वी आपली घरे माळवदाची. दगड-मातीच्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा आणि रात्री सगळे घर माळवदावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन माणसे दमून घरात झोपली होती. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडविले त्यांनीच हजारो माणसे गाडली. सास्तूर हे गाव तेव्हा आपल्या उमरगा तालुक्यातच होते. आम्ही त्या वेळी शाळकरी वयाचे होतो. त्यानंतर कित्येक महिने सगळा मुलूख बाहेर झोपला, पण ती झोप नव्हती. पाला सळसळला तरी माणसे उठून बसत. पुढे बरीच वर्षे "बाहेर झोपू या" हे वाक्य आपल्याकडे गमतीचे राहिले नाही.

माळवदाची घरे परत यावीत असे आम्ही कधीही म्हणणार नाही. आर.सी.सी.चा स्लॅब आला, बरे झाले. तो दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो, हे खरे. पण संध्याकाळी चार बादल्या पाणी मारा, तास-दीड तास वाफ जाऊ द्या, मग वाकळ टाका. रात्री अकरानंतर जे वारे सुटते ते कोणत्याही कूलरात नाही. दक्षिणेकडे वृश्चिकाचा आकडा वर आलेला दिसतो, उत्तरेकडे सप्तर्षी खाली झुकत जातात. आता तीस-बत्तीस वर्षे झाली. ज्यांनी भीतीने आकाश बघितले त्यांच्या नातवंडांनी ते हौसेने बघायला काय हरकत आहे? पोरांना तारे दाखविणारा आजा घरात आहे तोवर हे उरकून घ्यावे. रात्रपाळीच्या लायटीमुळे ज्यांना पाणी द्यायला शेतात जावेच लागते त्यांना हे आकाश आयतेच मिळते. फक्त पायात बूट आणि हातात बॅटरी असू द्या. या दिवसांत जनावर गारव्याला सरीतच येते.

बायकांच्या वाट्याचा उन्हाळा निराळा. शेवया, कुरडया, पापड, सांडगे यांची गडबड चालते ती पुरुष मंडळींना कष्टाची वाटते आणि ती आहेही. पण चार घरच्या बाया एका ओट्यावर जमून जे बोलतात-हसतात त्यासाठी त्यांना वर्षात दुसरी जागा नाही, असे आमच्या घरातूनच आम्हांस ऐकविण्यात आले. कुरडईचा गव्हाचा चीक शिजत असताना वाटीत घेऊन वर गूळ किंवा साखर घालून खाल्ला नाही तो माणूस उन्हाळ्याला मुकला. तयार पाकिटे दुकानात मिळतात, मिळू द्या. चीक पाकिटात मिळत नाही. २०२५ साली मात्र मे महिन्यातच पावसाने धुमाकूळ घातला. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि पाठोपाठ महाराष्ट्रात दाखल झाला. कित्येकींचे वाळवण भिजले, झाडाचा आंबा खाली आला. तेव्हापासून आम्ही म्हणतो, वाळवण असो की सुख, एप्रिलअखेर निम्मे उरकलेले बरे.

पोरांच्या पोहण्याबद्दल थोडक्यात. विहिरी आटल्या, बोअर आले, म्हणून पोरे आता शेततळ्याकडे वळतात. हे आम्हांला मुळीच पसंत नाही. प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो, आत उतरलेल्याला वर चढता येत नाही, पट्टीचा पोहणाराही दमून बुडतो. शेततळ्याला कुंपण आणि आत दोर सोडलेला असलाच पाहिजे. पोहायला शिकवायचेच तर पायऱ्यांची, पाणी असलेली विहीर शोधा, कमरेला रिकामा डबा बांधा आणि मोठ्या माणसाने काठावर बसा. मामाने भाच्याला विहिरीत ढकलण्याचा मान अद्याप कोणी रद्द केलेला नाही.

आणखी एक गंमत सांगतो. आपले उमरगा सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. उन्हाळ्यात रस्त्याकडेला रसवंत्या लागतात, घुंगरांचा आवाज येतो, आणि शंभर-दोनशे टन ऊस घालणारा आपला सभासद तिथे गाडी थांबवून पैसे देऊन रस पितो. आम्ही एकाला विचारले, घरच्या उसाचा रस शेवटचा कधी प्यालात? त्यांना आठवेना. आमच्या खिशात हँड रिफ्रॅक्टोमीटर असतो, त्यावर ब्रिक्स किती ते थेंबभर रसात कळते. परंतु बांधावर बसून दातांनी सोललेल्या कांड्याची चव त्या काचेत दिसत नाही. पूर्वहंगामी लागणीचे पाचटाचे आच्छादन असेल तर भर दुपारी एकदा हाताने उचलून बघा. वर ४० डिग्री ऊन आणि खाली गार ओल, बोटाला चिकटणारी माती, एखादे गांडूळ. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते पेटविणाऱ्यांना हा गारवा कधी कळायचा नाही. (पाण्याचा ताण फारच असेल तर दोन टक्के युरिया व दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅशची फवारणी पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने घ्यावी. आनंदाच्या लेखात खताचे का, असे कोणी म्हणेल. पण आमचा हात त्याशिवाय थांबत नाही.)

ज्येष्ठी पौर्णिमेला बायकांची वटपौर्णिमा आणि सीमेकडच्या आपल्या गावांत बैलांची कारहुणवी. पलीकडे आळंद, बसवकल्याणला जो सण, तोच अलीकडे आपल्याला. शिंगे रंगवून बैल वेशीतून पळवायचे, कोणत्या रंगाचा बैल पुढे निघाला यावरून कोणती पेर साधेल याचा अंदाज बांधायचा. अंदाज खरा निघतो की नाही, हे शेतकी डिप्लोमात आम्हांला शिकविलेले नाही. बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले, त्याला इलाज नाही. पण घरात एकच जोडी असली तरी त्या दिवशी तिला धुवा, रंगवा. आणि ज्यांच्याकडे तीही नाही त्यांनी शेजाऱ्याच्या बैलांना पुरणपोळीचा घास घेऊन जायला कोण आडवे येते?

शेवटी एक कामाची सूचना. ज्या सभासदांच्या बांधावर शेप्या, शेंद्र्या, खोबऱ्या असले नामांकित जुने आंब्याचे झाड अद्याप उभे आहे, त्यांनी गट ऑफिसात शेतकी मदतनीसाकडे गट नंबर आणि झाडाचे नाव नोंदवावे. कोयीपासून आलेले रोप आईसारखेच फळ देईल याचा भरवसा नसतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्या झाडांच्या काड्या घेऊन कोय कलमे बांधण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी यंदा खाल्लेल्या आंब्यांच्या टपोऱ्या कोयी लागतील. कोय फार दिवस वाळली की रुजत नाही; तेव्हा धुऊन, सावलीत सुकवून, आठवड्याच्या आत गोणीत घालून पोचत्या कराव्यात. गोणीवर गावाचे नाव लिहावे.